गुलामांना 'सांभाळलं' कुणी? जमैकाबद्दल फिरणाऱ्या एका मजकुराला उत्तर

वेस्ट इंडिजच्या उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांबद्दल एक मजकूर मराठीत बराच फिरतो. शब्द बदलतात, सांगणं साधारण असं असतं: "जमैकातले गुलाम म्हणजे आपल्याकडचे सालगडीच. रोख पैसे मोजून आणलेल्या माणसाला मालक कशाला मारेल? राहायला घर, वर्षाला कापड, खारा मासा, आजारी पडलं तर मळ्यावरच दवाखाना. रविवारी सुट्टी. कसायला स्वतःची जमीन, बाजारात माल विकून चार पैसे गाठीला. घरातल्या बायका तर घरच्यासारख्या. इंग्लंडातल्या गिरणी कामगारापेक्षा बरं जिणं. शेवटी इंग्रजांनीच आपल्या तिजोरीतून पैसे मोजून त्यांना सोडवलं, आणि सुटल्यावर ते आळशी झाले म्हणून हिंदुस्थानातून मजूर न्यावे लागले."

हा मजकूर धादांत खोटा नाही, आणि तीच त्याची अडचण आहे. घरं होती, कापड मिळत होतं, दवाखाना होता, जमीन होती, बाजार भरत होता. लबाडी जमाखर्चात आहे. गुलामांनी झोप मोडून आणि रविवार घालवून जे उभं केलं ते मालकाच्या खात्यावर जमा धरलंय, आणि मालकाने जे नेलं त्याची नोंदच नाही. ही वहीही नवी नाही. 1820-30 च्या सुमारास लंडनमधले मळेवाल्यांचे पाठीराखे हेच सांगत होते.

सालगड्याची तुलना एका वाक्यात निकालात निघते. सालगड्याचं जिणं काही सुखाचं नव्हतं, कर्जात तो पिचलेला असे, पण पाडव्याला साल संपलं की निदान दुसऱ्या दारी जाण्याची गोष्ट तरी करता येई, आणि त्याचं पोर जन्मतःच मालकाच्या मालमत्तेच्या यादीत चढत नसे. जमैकात आई गुलाम तर मूल गुलाम, मग बाप कुणीही असो. मळ्यांच्या त्या याद्या आजही उपलब्ध आहेत. एका पानावर माणसं, पुढच्या पानावर बैल आणि खेचरं, प्रत्येकापुढे पौंडातली किंमत. म्हाताऱ्यांपुढे शून्य.

आता मजकुरातला सगळ्यात शहाणा दिसणारा मुद्दा: पैसे मोजलेल्या माणसाला कोण मारेल?

अटलांटिकच्या व्यापारात जमैकाच्या बंदरांवर सुमारे 10 लाख आफ्रिकी माणसं जिवंत उतरवली गेली. त्यातली काही पुढे स्पॅनिश वसाहतींना विकली गेली, ती वजा धरू. तरीही 1807 मध्ये ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली तेव्हा बेटावर गुलाम उरले होते साधारण साडेतीन लाख. उरलेली माणसं आणि त्यांची पिढ्यान् पिढ्यांची लेकरं कुठे गेली? बंदीनंतर नवा माल येणं थांबलं, म्हणजे असलेल्या माणसाला जपण्याशिवाय मालकाला गत्यंतर नव्हतं. मजकुराचा तर्क खरा असता तर इथून संख्या वाढायला हवी होती. 1834 मध्ये ती 3 लाख 11 हजारांवर आली होती. मुक्त केले गेलेले लोक यात मोजले तरी उत्तर बदलत नाही, कारण ते मूठभरच होते. याउलट उत्तर अमेरिकेत चार लाखांहून कमी माणसं आणली गेली आणि 1860 पर्यंत तिथल्या गुलामांची संख्या 40 लाखांच्या घरात पोचली. तिथले मालक दयाळू होते असं यातून कुणी काढू नये. मोठा फरक पिकाचा होता.

ऊस म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. पाचटाने कापलेले हात, कोयता, टोळी, मुकादम हे शब्द आपल्याला पाठ आहेत. जमैकाच्या मळ्यावरही टोळ्याच होत्या. पहिल्या टोळीत धडधाकट बायापुरुष, दुसरीत कमी ताकदीचे आणि बाळंतपणातून उठलेल्या बाया, तिसरीत पाच-सहा वर्षांपासूनची पोरं, गवत काढायला आणि पाचट वेचायला. प्रत्येक टोळीमागे चाबूक घेतलेला मुकादम, तोही बहुधा गुलामच. लागणीसाठी नांगर फारसा वापरत नसत. चार-पाच फूट लांबीरुंदीचे चौकोनी खड्डे कुदळीने खणायचे, एका रांगेत, एका तालात, मागे पडेल त्याच्या पाठीवर चाबूक. मग डोक्यावरून शेणखताच्या पाट्या. खोडवा ठेवला तर खड्ड्यांचं काम वाचे, पण साखर कमी पडे, म्हणून पुन्हा लागण. हे काम इतकं माणसं खाणारं होतं की ज्यांना परवडे ते मळेवाले खड्डे खणायला दुसऱ्याचे गुलाम भाड्याने आणत, म्हणजे झिजणारी हाडं दुसऱ्याच्या यादीतली असत.

आणि गळीत. जानेवारीच्या आसपास सुरू होऊन पावसापर्यंत चालणारं. तोडलेला ऊस थांबत नाही, रस आंबतो, म्हणून घाणा आणि काहिली (रस आटवायच्या मोठ्या कढया) रात्रंदिवस. दिवसभर रानात राबलेली माणसं आळीपाळीने रात्री घाण्यावर. पेंगताना हात घाण्याच्या लाटांमध्ये, म्हणजे रुळांमध्ये, गेला तर अख्खा माणूस ओढला जाऊ नये म्हणून हात तोडायला घाण्याशेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे. तिला कामगार सुरक्षा म्हणायचं का, हे मजकूर लिहिणाऱ्यांनी ठरवावं.

मग 'मालक आपलं भांडवल का मोडेल' याचं काय? एक तर मालक बहुतेक वेळा तिथे नसेच. मोठे मळेवाले इंग्लंडात राहत. मळा चालवायचा मुखत्याराने आणि ओव्हरसिअरने, त्यांची कमाई आणि नाव यंदाच्या पिकावर ठरे. वीस वर्षांनी टोळी किती उरेल याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. दुसरं, 1807 पर्यंत बंदरात नवीन जहाज लागतच होतं. मूल जन्माला येऊन दहा-बारा वर्षं पोसण्यापेक्षा तयार माणूस विकत घेणं स्वस्त, असा हिशेब मळेवाले उघडपणे मांडत. जन्मणारी कितीतरी मुलं पहिल्या नऊ दिवसांत धनुर्वाताने जात, इतकी की त्यानंतरच बाळ जगेल असं धरायची रीत पडली. व्यापार बंद होण्याची चिन्हं दिसू लागली तेव्हा कुठे कायदा झाला की सहा मुलं जगवणाऱ्या बाईला कष्टाच्या कामातून सूट. सहा जगवायची. जिथे एक जगवणं कठीण होतं.

कापड आणि दवाखाना यांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. कापड म्हणजे ओस्नाबर्ग नावाचं जाडंभरडं तागासारखं कापड, वर्षातून एकदा काही वार, सोबत सुई-दोरा. शिवायचं आपणच, रात्री. खारा मासा म्हणजे उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा कॉड आणि हेरिंग. कॉडच्या प्रतवारीत युरोपात न खपणाऱ्या सगळ्यात हलक्या मालाला 'वेस्ट इंडिया' म्हणत. दवाखान्याला जमैकात 'हॉटहाउस' म्हणत. खिडक्यांना गज, आत पायखोडे. तिथे आजारी माणूस आणि शिक्षा झालेला माणूस एकाच छपराखाली कोंडलेला असे, कारण डॉक्टरचं पहिलं काम ढोंगी कोण ते ओळखणं हे होतं.

जमीन आणि बाजाराचं प्रकरण वेगळं आहे. इथे थांबायला हवं, कारण इथेच मजकुराची चलाखी सर्वात जास्त आहे आणि खरी गोष्टही इथेच आहे.

गुलामांना जमीन दिली जात होती हे खरं. कोणती? उसाला न चालणारी, डोंगरउताराची, कित्येकदा वस्तीपासून काही मैल लांब. का? कारण साखरेच्या एका एकरातून मिळणारा पैसा पाहता चांगल्या जमिनीत गुलामांसाठी अन्न पिकवणं मालकाला परवडत नव्हतं, आणि बाहेरून धान्य विकत आणणंही नको होतं. म्हणून पोट भरायचं काम गुलामावरच टाकलं. वेळ दिला रविवार आणि गळिताबाहेरच्या दिवसांत पंधरवड्याला एक शनिवार. म्हणजे 'रविवारची सुट्टी' ही सुट्टी नव्हती. त्या दिवशी रान केलं नाही तर पुढचा आठवडा उपाशी.

या व्यवस्थेत मालकाचा खर्च किती आणि गुलामाचा धोका किती, ते 1780 च्या दशकात दिसलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाने उत्तरेकडून येणारी धान्याची आणि माशांची जहाजं थांबली, आणि ऑक्टोबर 1780 पासून एकामागून एक चक्रीवादळांनी केळी झोपवली. 1787 मध्ये बेटाच्या विधिमंडळाच्याच समितीने नोंदवलं की त्या सात वर्षांत सुमारे 15,000 गुलाम अन्नाअभावी आणि त्यातून आलेल्या रोगांनी मेले. हे मळेवाल्यांचं स्वतःचं विधिमंडळ, गुलामांच्या बाजूने आकडा फुगवण्याचं त्यांना कारण नव्हतं. त्यावर उपाय काय सुचला? स्वस्त अन्न देणारं झाड. कोकण-गोव्यातल्या माणसाला नीरफणस माहीत आहे. तोच ताहितीहून आणायला कॅप्टन ब्लायला पाठवलं. पहिल्या खेपेला 1789 मध्ये त्याच्याच खलाशांनी बंड करून त्याला होडीत सोडलं. दुसऱ्या खेपेला 1793 मध्ये रोपं जमैकाला पोचली. गुलामांनी बरीच वर्षं तो फणस डुकरांना घातला. त्यांना आपले कंद आणि केळीच हवी होती.

आता दुसरी बाजू. त्या डोंगरउतारावर त्यांनी काय केलं बघा. यामचे कंद, अळकुड्या, भाजीची केळी, कसावा, मिरच्या, घराभोवती कोंबड्या आणि डुकरं. आधी घरापुरतं, मग वरकड. शनिवारी रात्री डोक्यावर टोपल्या घेऊन मैलोन् मैल चालत रविवारच्या बाजाराला. किंग्स्टनसारख्या शहरातल्या गोऱ्यांच्या ताटातली भाजी, अंडी, कोंबडी बऱ्याच अंशी याच टोपल्यांतून येई. 1770 च्या दशकात एडवर्ड लाँग या मळेवाल्यानेच लिहून ठेवलंय की बेटावर फिरणाऱ्या नाण्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा गुलामांच्या हातात असावा. हा लाँग काळ्या माणसांविषयी अतिशय विषारी लिहिणारा गृहस्थ. त्याच्या लेखणीतून हे निघालंय, म्हणून मी ते जास्त गांभीर्याने घेतो.

या रानांचा वारसाही चाले. बापाची जागा मुलीला, मावशीची भाचीला. कायद्याने गुलामाला मालमत्ता नव्हती. पण रिवाज इतका पक्का झाला होता की तो मोडणाऱ्या ओव्हरसिअरला मळ्यावर शांतता राखता येत नसे. रविवारी कोण कुणाला भेटलं, कुणाचं लग्न ठरलं, कोणत्या मळ्यावर कोण पळालं, या बातम्याही त्याच बाजारातून फिरत. मालकाला हे रुचत नव्हतं. बाहेर जायला चिठ्ठी लागे, आणि साखर, रम, गुरं विकायला बंदी होती. तेव्हा 'स्वतःची जमीन आणि गाठीला पैसा' हे खरं आहे, पण त्यात देणारा कुणी नाही. ओढून घेतलेलं आहे, इंचाइंचाने, शंभर-सव्वाशे वर्षं.

'घरातल्या बायका घरच्यासारख्या' याला उत्तर एका गोऱ्या माणसाच्या रोजनिशीत आहे. थॉमस थिसलवुड लिंकनशरहून 1750 मध्ये जमैकाला आला, वेस्टमोरलंड भागात ओव्हरसिअर झाला, पुढे स्वतःची जागा आणि गुलाम घेतले, आणि 1786 मध्ये मरेपर्यंत रोज लिहीत राहिला: पाऊस किती, कोणती बी पेरली, कुणाला किती फटके. बायकांवर केलेली जबरदस्ती तो मोडक्यातोडक्या लॅटिनमध्ये नोंदवी. 37 वर्षांतल्या त्या नोंदी अभ्यासकांनी मोजल्या: 138 स्त्रिया, 3,852 वेळा. बहुतेक सगळ्या गुलाम. नकार देता येत नव्हता, तक्रार करायला जागा नव्हती. गुलामाची साक्ष गोऱ्याविरुद्ध न्यायालयात जवळजवळ शेवटपर्यंत चालत नव्हती.

याच रोजनिशीत फिबा आहे. दुसऱ्या मालकाची गुलाम, थिसलवुडने तिला वार्षिक भाड्याने घेतलेली. तीसहून जास्त वर्षं त्याची सोबतीण, त्याच्या मुलाची आई. ती शिवणकाम करी, माल विकी, जनावरं पाळी, आणि अडीअडचणीला थिसलवुडला पैसे उसने देई. मजकूरवाल्यांना ही बाई फार आवडेल. तिला मुक्त करण्यासाठी त्याने मृत्युपत्रात पैसे ठेवले, प्रत्यक्षात ती सुटली 1792 मध्ये, त्याच्या मरणानंतर सहा वर्षांनी. त्याला पैसे उसने देणारी बाई त्याच्या हयातभर दुसऱ्याच्या यादीतली एक किंमत होती. त्या दोघांमध्ये माया नव्हती असं मी म्हणणार नाही. पण फिबाला रोज सकाळी दिसत असणार की तोच माणूस अंगणात कुणाला तरी बांधून मारतोय.

चाबकाबद्दल 'कायद्याने मर्यादा होती' असंही कुणी पुढे करतं. होती. 18व्या शतकाच्या अखेरच्या कायद्यात मुकादमाला एकावेळी 10 आणि ओव्हरसिअरला 39 फटक्यांची मुभा. पण मोजणार कोण? गुलामाची साक्ष चालत नव्हती, हे वर आलंच आहे. 1823 मध्ये लंडनहून सूचना आली की निदान बायकांना फटके मारणं बंद करा. जमैकाच्या विधिमंडळाने ती फेटाळली.

गिरणी कामगाराच्या तुलनेवर थोडक्यात: मँचेस्टरचं जिणं भीषण होतं, यात वाद नाही. पण तिथला एकही कामगार पोरांना जमैकाच्या टोळीत घाला म्हणून अर्ज करत नव्हता. उलट त्या कामगारवस्त्यांतूनच गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांवर सह्या होत होत्या. 1833 पर्यंत पार्लमेंटकडे गेलेल्या सह्या दहा लाखांच्या वर होत्या.

'आफ्रिकेतल्या राजांनीच विकलं' हेही काही जण शेवटी जोडतात. विकलं, अनेकांनी. त्यावरून जमैकातल्या मळ्यावर माणूस कसा जगला हे कसं ठरतं, ते मला समजलेलं नाही.

आता 'इंग्रजांनी पैसे मोजून सोडवलं'. पैसे मोजले, 2 कोटी पौंड, त्या वेळच्या सरकारच्या वार्षिक खर्चाच्या 40 टक्क्यांच्या आसपास. त्यासाठी काढलेल्या कर्जाचे शेवटचे रोखे ब्रिटिश सरकारने 2015 मध्ये फेडले. फक्त हे पैसे मिळाले मालकांना. वसाहतींमधल्या सुमारे आठ लाख गुलामांपैकी एकालाही एक पेनी मिळाली नाही. आणि 1 ऑगस्ट 1834 ला ते सुटलेही नाहीत. सहा वर्षांखालची मुलं मोकळी, बाकीचे 'उमेदवार', म्हणजे नावाला शिकाऊ कामगार. आठवड्याला 45 तासांपर्यंत त्याच मालकाकडे बिनपगारी काम, चुकलं तर सरकारी तुरुंगात पायचक्की, म्हणजे पायांनी फिरवत राहायचं शिक्षेचं चाक. ही उमेदवारी 1838 मध्ये संपली.

मुळात कायदा 1833 मध्ये का झाला? सह्या होत्या, मतदानाच्या 1832 च्या सुधारणेने बदललेलं पार्लमेंट होतं, आणि जमैकातलं नाताळ होतं. मोंटेगो बे या गावचा सॅम्युएल शार्प, गुलाम, बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीतला डीकन (चर्चचा पदाधिकारी). त्याने ठरवलं होतं की 1831 च्या नाताळची सुट्टी संपल्यावर कुणी कामावर जायचं नाही, मजुरी दिली तरच कोयता उचलायचा. म्हणजे संपच. 27 डिसेंबरला केन्सिंग्टन मळा पेटला आणि पश्चिम जमैकाभर आग पसरली. हजारो गुलाम उठले. मारले गेलेले गोरे 14. नंतर फासावर चढवलेले आणि गोळ्या घातलेले गुलाम 300 हून अधिक. 23 मे 1832 ला शार्पला मोंटेगो बेच्या बाजारात फाशी दिलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कायदा झाला. लंडनला कळून चुकलं होतं की ही व्यवस्था टिकवायची तर दर काही वर्षांनी फौज लागणार. तेव्हा 'इंग्रजांनी सोडवलं' म्हणताना शार्पचं नाव तरी घ्यावं. जाता जाता, त्याच कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. आपल्याकडे गुलामीला कायद्याचा आधार नाकारणारा कायदा यायला 1843 उजाडलं.

उरला आळशीपणा. 1838 नंतर मळ्यावरून लोक निघाले, हे खरं. कारण मालकांनी त्याच जुन्या झोपड्यांवर आणि रानांवर भाडं लावलं, ते मजुरीतून कापू लागले, आणि भाडं थकलं की बाहेर काढू लागले. लोक डोंगरात गेले, जमीन विकत घेतली, बऱ्याचदा मिशनऱ्यांच्या नावावर मोठा तुकडा घेऊन वाटून. स्लिगोव्हिल हे अशा गावांपैकी पहिलं, त्याची जमीन उमेदवारी संपण्याआधीच, 1835 मध्ये, घेऊन ठेवलेली. बायका मोठ्या संख्येने उसाच्या टोळीतून बाहेर पडल्या, स्वतःचं रान आणि बाजार बघू लागल्या. मळेवाल्यांच्या लेखी हा आळस होता. 1870 नंतर जमैकातून केळ्यांची निर्यात सुरू झाली, ती सुरुवातीला याच छोट्या शेतकऱ्यांच्या रानातून.

हिंदुस्थानी मजूर आणले ते बेटावर माणसं नव्हती म्हणून नाही. मळेवाले देऊ करत होते त्या दरात, आणि सोडून जाता येणार नाही अशा कराराने बांधलेली माणसं हवी होती. 'ब्लंडेल हंटर' हे पहिलं जहाज 10 मे 1845 ला जमैकाच्या ओल्ड हार्बर बेला लागलं. तिकडे गेलेले बहुतेक उत्तर हिंदुस्थानचे. मराठी माणूस याच चरकात सापडला तो मॉरिशसमध्ये. तिथे गुलामगिरी 1 फेब्रुवारी 1835 ला कायद्याने संपली, आणि गुलामांनी सोडलेल्या उसात मुंबई बंदरातून गेलेल्या कोकणी शेतकऱ्यांनी कोयता धरला. तिथे एक दिवसाचा खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायचा नियम होता, 'डबल कट' म्हणत त्याला. जमैकात तर हे मजूर आणण्याच्या खर्चाचा काही भाग सरकारी महसुलातून दिला जाई, आणि तो महसूल ज्यांच्याकडून येई त्यांत नुकतेच सुटलेले गुलामही होते. आपली मजुरी पाडणाऱ्या जहाजांचं भाडं अंशतः त्यांनीच भरलं. बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी तेव्हाच त्यावर तक्रार केली होती.